गोंडघर फाट्यावरची चांदी
ब्लॅकमेल करणाऱ्याच्या घरावर रात्री गुपचूप पाळत ठेवणारा फौजदार सिनेमात शोभतो. रायगडच्या किनाऱ्यावर पोलिसाला मुठीत घेण्याचा मार्ग साधा होता, पैशाचा. ९ जानेवारी १९९३च्या रात्री दिघीला उतरलेला चोरटा माल घेऊन निघालेल्या गाड्या श्रीवर्धनच्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्या आणि सोडल्या. रोकड कमी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या! सावकारानंही लाजावं. पुढच्याच महिन्यात त्याच किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स हे स्फोटक उतरलं, १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. लाच घेणाऱ्याचं गुपित देणाऱ्याच्या खिशात राहतं. असा लाचखोर अधिकारी उद्या लाच देणाऱ्याच्याच दारावर नजर ठेवू लागला, तर ती नजर सरकारची की स्वतःची? कायद्यानं पाळतीला फारसं अडवलेलं नव्हतं: १९६२च्या खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रात्री घरात शिरण्याची मुभा रद्द केली, घराबाहेरची गुप्त टेहळणी मात्र राहू दिली. खासगीपणा मूलभूत हक्क ठरायला २०१७ उजाडलं. गोंडघरच्या प्रकरणातल्या पोलिसांना टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयानं दोषी धरलं ते २००६ साली.