नेल्सनचा मामा

"ब्रिटिशांच्या शिडांच्या आरमारात वशिला चालत नसे, म्हणून तर त्यांनी जग जिंकलं!" हे मला पुन्हा कोणी ऐकवलं तर मी त्याला नेल्सनच्या मामाची गोष्ट सांगणार आहे. मंडळी, तुम्हीही ऐकून ठेवा.

तिकडे लष्करात हुद्दे विकत मिळत. आरमारात मात्र लेफ्टनंट व्हायला परीक्षा होती, हे खरंय. ६ वर्षं समुद्रावर काढलेली हवीत आणि वय किमान २०. होरेशिओ नेल्सन १७७७ साली परीक्षेला बसला तेव्हा होता १८ वर्षांचा. आणि परीक्षकांच्या मुख्य खुर्चीत कोण? सख्खा मामा, मॉरिस सकलिंग! याच मामाने १७७१ मध्ये, १२ वर्षांच्या भाच्याला आपल्या जहाजावर घेतलं होतं. मामा १७७८ मध्ये वारला, पण तोवर शिडी लावून झाली होती. १७७९ मध्ये, विसाव्या वर्षी, भाचा पक्का कॅप्टन. त्यापुढे अ‍ॅडमिरलपद सेवाज्येष्ठतेने. जगला-वाचला की झालं.

आता जेम्स कुक बघा. शेतमजुराचा पोरगा, १७५५ मध्ये साधा खलाशी म्हणून भरती झाला. न्यूझीलंडचा किनारा नकाशावर आणला, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा कुठे १७७५ मध्ये, ४६ व्या वर्षी, तोच हुद्दा!

नेल्सन कर्तबगार होता, वादच नाही. पण त्याच दारातून किती ठोंबे आत शिरले असतील? आणि मामा नसलेले कितीतरी लेफ्टनंट म्हणूनच म्हातारे झाले.

असो. तिकडे या प्रकाराला 'इंटरेस्ट' म्हणत. म्हणजे आपला वशिलाच की, राव!