जपायच्या फायली, टाकायच्या फायली

पीककर्जाचे दिवस आले की कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात सातबाऱ्याची निकड लागते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. १५ रुपये भरले की पीडीएफ उतरते. तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी हेलपाटे नाहीत, आणि उताऱ्यावरच्या १६ अंकी क्रमांकावरून बँकेला खरे-खोटे पडताळता येते.

आपल्या प्रोग्रामिंगच्या धंद्यातल्या लोकांच्या लेखी ही मागितल्याक्षणी तयार होणारी बायनरी फाइल. पावत्या, हॉलतिकिटे, क्यूआर कोड, एक्सेल अहवाल अशा फायली आपण रोज बनवतो आणि फारसा विचार न करता सर्व्हरवर साठवत जातो. आमचे म्हणणे असे की कोडला हात घालण्याआधी एक विचारा: हीच फाइल उद्या पुन्हा बनवली तर तशीच बनेल का? विक्रीचा तक्ता बनेल. मग तो डिस्कवर ठेवूच नका, थेट ब्राउझरकडे सोडा. सातबारा बनणार नाही. एक फेरफार मंजूर झाला, वारसाचे नाव लागले की आजचा उतारा जुना झाला. शिवाय सही केलेल्या पीडीएफमध्ये सही कोणत्या बाइटपासून कोणत्या बाइटपर्यंत लागू आहे हे आतच नोंदलेले असते. त्यातला एक बाइट बदलला तरी पडताळणी फसते.

आणि हे बाइट बहुधा आपणच बिघडवतो. बायनरी डेटा मजकूर समजून यूटीएफ-८ मधून फिरवला की न जुळणाऱ्या बाइटांच्या जागी तीन-तीन बाइटांचे बदली चिन्ह बसते. फाइल फुगते आणि मूळ डेटा कायमचा जातो. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये लिहिली तर प्रत्येक १० क्रमांकाच्या बाइटआधी १३ घुसतो. पीएनजीच्या कर्त्यांना हे दुखणे ठाऊक होते. म्हणून त्यांनी सुरुवातीलाच १३७ हा आस्कीबाहेरचा बाइट आणि पुढे १३-१० ची जोडी मुद्दाम ठेवली. वाटेत कोणी ढवळाढवळ केली की पहिल्या आठ बाइटांतच उघडे पडते.

फाइल डिस्कवर ठेवायचीच तर आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, मग नाव बदला. लिनक्सवर एकाच फाइल सिस्टिममध्ये हा नावबदल एका झटक्यात होतो, अर्धवट फाइल कुणाच्या हाती लागत नाही. जागा वेब रूटच्या बाहेरची. नाव गट क्रमांकावरून मुळीच नको. ‘पिशोर-११२’ दिसले की कोणीही ११३ टाकून पाहणारच. सर्व्हर दोन असतील तर साठवण सामाईक हवी, नाहीतर फाइल एकावर आणि मागणी दुसऱ्यावर.

खेड्यात नेट मध्येच जाते. पैसे भरलेल्याने पुन्हा बटण दाबले तर नवी फाइल आणि नवी आकारणी होता कामा नये. त्याच व्यवहार क्रमांकावर जपलेली तीच फाइल त्याला मिळाली पाहिजे. आपल्या प्रकल्पात फाइल लिहिणाऱ्या ओळी या महिन्यात एकदा उघडून पाहा आणि काय सापडले ते आम्हाला कळवा. निवडक अनुभव पुढच्या अंकात छापू.