लेण्यांच्या नावावर कर्ज

सरकारदरबारी नवा मंत्र निघालाय. शहरं तुंबली, आता पर्यटक खेड्यापाड्यात न्या, पडीक लेण्या-स्तूपांवर सरकारी पैसा ओता, गावं सुधारतील. दोस्तांनो, टाळ्या वाजवायची घाई नको. हा प्रयोग आपल्या दारात होऊन गेलाय. आधी त्याचा हिशेब मागा.

अजिंठा-वेरूळसाठी जपानकडून पैसा आला. दान नव्हे, कर्ज. पहिला टप्पा १९९२ चा, दुसरा २००३ चा. लेण्यांची डागडुजी झाली, रस्ते झाले, विमानतळाला नवी इमारत मिळाली. झालं ते झालं म्हणू. पण फर्दापूरच्या टी पॉइंटला भलंमोठं अभ्यागत केंद्र बांधलं, आत १, २, १६, १७ या लेण्यांच्या नकला. खरी लेणी चार किलोमीटरवर असताना! २०१३ ला ते उघडलं आणि काही वर्षांत पाण्याचं, विजेचं बिल थकलं म्हणून बंद पडलं. इमारतीला पैसा होता, दिव्याला नव्हता. का नसावा? इमारतीत कंत्राट असतं. दिव्यात कसलं आलंय कंत्राट?

(शोधही म्हणे १८१९ ला इंग्रज साहेबानं लावला. तिथल्या डोंगरावरच्या गावाचं नाव लेणापूर. नावातच लेणं, तरी शोध साहेबाचा.)

गुंतवणूक शिकायला जपानकडं बघायला नको. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर चढा. तिला पांडवलेणी म्हणायची सवय लावलीय आपल्याला, पांडवांचा तिथं कवडीचा संबंध नाही. दहावं लेणं बघा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, त्याचा शिलालेख. भिक्खूसंघासाठी त्यानं तीन हजार कार्षापणं दिली. ठेवली कुठं? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडं. दोन हजार एका श्रेणीकडं, महिना शेकडा एक व्याजानं. हजार दुसरीकडं, पाऊण टक्क्यानं. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून वीस भिक्खूंचं चीवर. भांडवल राबणाऱ्या हातात आणि लेण्यातला खर्च कायमचा भागलेला! उषवदात काही समतावादी नव्हता, ब्राह्मणांनाही तो गावंच्या गावं देत होता. पण विणकराची पत त्याला ठाऊक होती.

जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेण्यांकडं ठेवलेल्या ठेवी कोरल्यात. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी सुताराचं नाव आहे. आज त्याच पायथ्याच्या बुरडानं टोपल्या घेऊन दारात बसायचं म्हटलं तर त्याला अतिक्रमण म्हणतील. ज्यांच्या नावांनी भिंती भरल्यात त्यांच्या पोरांना वॉचमनची कंत्राटी नोकरी, तीही मिळाली तर.

आणि पैसा कुठं जात नाही तेही बघा. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेकाठी भोन आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथं प्राचीन स्तूप निघाला. ती जागा जिगाव धरणाच्या बुडितात! एका हातानं पर्यटन वाढवायचं, दुसऱ्या हातानं स्तूप पाण्याखाली घालायचा. कुणाचा इतिहास बुडाला की यांना झोप लागते, हे मी सांगायला नको.

म्हणून कामाचं बोलतो. आपल्या तालुक्यात जिथं लेणं आहे, स्तूप आहे, नुसतं पांढरीचं टेकाड आहे, तिथं ग्रामसभेत उभं राहा. माहितीच्या अधिकारात बिलं काढा, सिमेंटवर किती गेले आणि माणसांवर किती. निघालेल्या वस्तूंना गावातच जागा मागा. गाइड गावचाच पाहिजे, त्याला ब्राह्मी लिपी सरकारी खर्चानं शिकवा म्हणा. उत्खननात मातीची पाटी वाहणाऱ्या बाईचं नाव अहवालात छापा म्हणा. आणि तिकिटाच्या पैशाचा वाटा गावातल्या बचत गटाकडं ठेव म्हणून टाका, मुद्दल न मोडता.

साहेब म्हणेल, असा नियम नाही. त्याला हाताला धरून दहाव्या लेण्यापर्यंत न्या आणि भिंतीसमोर उभा करा.