चारशे त्रेचाळीस आणि उरलेल्या तीन कसोट्या

डिसेंबर उजाडला की क्रीडा-दिनविशेषाच्या चौकटीत भाऊसाहेब निंबाळकर आठवडाभरात तीनदा भेटतात. १२ तारखेला जयंती. जन्म कोल्हापूरचा, साल १९१९. पुण्यतिथी आदल्याच दिवशी, कारण २०१२ मध्ये ते गेले तेव्हा त्र्याण्णवावा वाढदिवस एका रात्रीवर आला होता. आणि १८ तारखेला ती नाबाद ४४३ धावांची खेळी, जिच्याबद्दल दरवर्षी एकच हळहळ छापून येते: ब्रॅडमनचा विक्रम थोडक्यात हुकला.

किस्सा आहेच तसा. १९४८ साल, पुणे क्लबचं मैदान, रणजी सामना. काठियावाड २३८ धावांत गारद. मग निंबाळकर आणि कमल भांडारकर (२०५) यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनने १९३० मध्ये क्वीन्सलंडविरुद्ध केलेल्या ४५२ धावा मागे टाकायला दहा धावा हव्या होत्या. दोन-तीन षटकांचं काम. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. खेळ थांबला तेव्हा त्यांनी बजावलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. यजमानांनी डाव सोडला नाही, पाहुण्यांनी सामना सोडला आणि गाशा गुंडाळला.

तेव्हापासून ठाकोरसाहेब या गोष्टीतले खलनायक. पण समजा, त्यांनी आणखी अर्धा तास कळ काढली असती. तरी निंबाळकरांचा विक्रम टिकला असता दहा वर्षं. जानेवारी १९५९ मध्ये कराचीत हनीफ महंमदने ४९९ धावा केल्या आणि पाचशेवी धाव घेताना तो धावबाद झाला. १९९४ मध्ये ब्रायन लारा ५०१ वर पोचला. विक्रम असा कधी ना कधी हातचा जातोच. कसोटीची टोपी मात्र एकदा मिळाली की कुणी काढून घेत नाही, आणि ती निंबाळकरांना कधीच मिळाली नाही.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता! मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली, ४४३ ची खेळी त्याच आठवड्यातली, आणि कोलकात्याची तिसरी ३१ डिसेंबरपासून. म्हणजे मालिकेतल्या तीन कसोट्या बाकी होत्या. एकाही संघात त्यांचं नाव नाही.

निवड समितीची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. काठियावाडची गोलंदाजी बेताची होती. पुण्यात तर त्या मोसमात धावांचा पूर आला होता. मार्चमध्ये तिथेच मुंबई-महाराष्ट्र सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा कुटल्या. शिवाय मधल्या फळीत हजारे, रुसी मोदी यांच्यासारखी मंडळी होती आणि मोदींनी त्या मालिकेत धावांची रास घातली. पण निंबाळकर काही एका डावाचे फलंदाज नव्हते. प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, शिवाय मध्यमगती गोलंदाजी. पुढे त्यांना राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी तेवढी मिळाली.

रणजी स्पर्धेत आजवर दुसऱ्या कुणीही चारशेचा टप्पा गाठलेला नाही. पृथ्वी शॉ २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ वर बाद झाला.

दिनविशेषाला जागा चार ओळींचीच असते, हे मान्य. त्यातली ठाकोरसाहेबांची ओळ कापून कोलकात्याच्या संघनिवडीची घातली, तरी चौकट तेवढीच राहील.