भाषेबरोबर यंत्रही कळावे

पवईची आय.आय.टी. १९५८ साली उभी राहिली ती सोव्हिएत मदतीने. रशियन तज्ज्ञ आले, यंत्रे आली. आजही रशियन वा जपानी यंत्राचे माहितीपुस्तक हाती पडले की भाषांतरकार शोधायला पुणे गाठावे लागते. तिथे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन्ही भाषा शिकवतात. पण भाषा येते म्हणून यंत्र कळतेच असे नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

रशियन कागदावर दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. तेलाचा दाब १,५ म्हणजे दीड. तो कुणी पंधरा वाचला तर काय होईल, हे आपल्या फिटरला विचारा! जपानीत मोठे आकडे हजारावर नव्हे, दहा हजारावर मोजतात. क्रियापद मात्र आपल्यासारखे शेवटी, तेव्हा आपल्या पोरांना ती भाषा अगदीच परकी वाटायची नाही.

जपानी परीक्षेची सर्वांत वरची पायरी एन-१. ती पास झालेल्यानेही सेंट्रिफ्युगल मशीन पाहिलेले असेलच असे नाही. मोबाइलही भाषांतर करतो. चूक झाली तर जबाबदार कोण? म्हणून आधी एकच पान करून घ्यावे, चीफ इंजिनिअरने तपासावे, मगच दर ठरवावा. आणि शहादा-तळोद्याकडच्या सभासदांची जी मुले-मुली मेकॅनिकल डिप्लोमा करताहेत, त्यांतल्या दोघांना कारखान्याने खर्च देऊन पुण्यास धाडावे. येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत.