शुद्ध गणिताला सोलापुरातही जागा हवी

जिल्ह्याला पाणी हवं, यंत्रमागाला काम हवं. मग पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने शुद्ध गणितावर पैसा का घालावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सर्वांत अवघड वाटणाऱ्या विषयातूनच द्यायला हवं. उदाहरणार्थ, १/x ही राशी शून्यापाशी अनंताकडे धावते, तरी तिच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींना खोडतात आणि नेमकी बेरीज, म्हणजे इंटिग्रल, हाती लागते. अशा सिंग्युलर इंटिग्रलचा व्यापक सिद्धांत काल्देरॉन आणि झिगमुंड या गणितज्ञांनी १९५२ मध्ये मांडला. सूत आधी रंगवून मग विणलं तर चादरीत नक्षी उतरते, आधी विणून मग रंगवलं तर उतरत नाही. तसंच आधी एखाद्या फलनाने गुणून मग इंटिग्रल घेतलं किंवा उलट केलं, तर उत्तर बदलतं. या दोन उत्तरांतला फरक म्हणजे कम्युटेटर. फलन अमर्याद असलं, पण स्थानिक सरासरीभोवतीचा त्याचा सरासरी चढउतार मर्यादित असला, तर हा फरक आटोक्यात राहतो, हे कॉइफमन, रोचबर्ग आणि वाइस यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं. प्रत्येक ठिकाणाला वेगळा भार दिला तरी तो आटोक्यात राहील का, हा पुढचा प्रश्न. भार आणि त्याचा व्यस्त यांच्या सरासरींचा गुणाकार सर्वत्र मर्यादित असेल तर राहतो.

याचा उपयोग काय? १९९१ पासून इटालियन गणितज्ञांनी याच कम्युटेटरच्या आधारे, ज्यांचे गुणधर्म जागोजागी बदलतात अशा माध्यमांची समीकरणं हाताळली. सीटी स्कॅनची प्रतिमा जुळवण्याच्या गणनेच्या मुळाशी हिल्बर्ट रूपांतर आहे, तेही सिंग्युलर इंटिग्रलच. आणि त्या गणनेची एक प्रमुख पद्धत रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन या भारतीयांनी १९७१ मध्ये दिली. प्रत्येक प्रमेय यंत्रात उतरेल असं म्हणणं खोटं ठरेल. पण कोणतं उतरेल हे आधी कळत नाही, म्हणून निवड उपयोगावर सोडता येत नाही.

हे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने करावं, असंही म्हटलं जातं. ती करतेच. पण बार्शी-अक्कलकोटच्या मुलीला हा विषय प्रथम भेटणार तो तिच्याच वर्गात, आणि तोही स्वतः संशोधन करणाऱ्या शिक्षकाकडून. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. नियतकालिकं, वेळ आणि भरलेली पदं लागतात. केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने २०२५ पासून सरकारी विद्यापीठांना नियतकालिकांचं दार उघडलं आहे. आता रिक्त जागा कायमस्वरूपी भरा आणि शिक्षकांना विचार करायला मोकळे तास द्या, एवढीच मागणी आहे.