कंपनीतल्या बॉयलरला इन्स्पेक्टर येतो, खोल्यांवरच्या बंबाला कोण?

पावसाळा लागला की कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या भोवतालच्या गावांत एक जोडणी वाढताना दिसते. भाड्याच्या खोल्यांवर सोलर असतो, पण जून ते सप्टेंबर ऊनच नाही. दहा-बारा खोल्यांना गिझर लावायचे तर लाईट बिल मालकाला झेपत नाही. मग वेल्डरकडून पत्र्याचा मोठा बंब करून घ्यायचा आणि त्याचा पाईप थेट सोलरच्या टाकीला जोडायचा. खाली जळण घातलं की सगळ्या खोल्यांच्या नळाला गरम पाणी. पहाटेच्या शिफ्टची पोरं खूश, मालकही खूश.

कल्पना वाईट नाही. जळण इथलंच, चिपाडं म्हणा, लाकडं म्हणा. आणि जळणाची भट्टी लाईनला जोडणं आपल्याकडं नवीन थोडंच आहे? साखर कारखान्यात वेगळं काय चालतं? बगॅस जाळून वाफ करायची आणि त्याच वाफेवर टर्बाईन फिरवायचं, रस आटवायचा. फरक एवढाच की तिथल्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, प्रेशर गेज असतो, पाण्याची पातळी दाखवणारी काच असते, लायसनवाला अटेंडंट असतो. बाष्पके संचालनालयाचा माणूस तपासून सर्टिफिकेट देतो, ते संपलं की परत तपासणी.

खोल्यांवरच्या बंबाला यातलं काहीच नाही. आणि कायद्यानंही कुणाला विचारता येत नाही. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला, पण २५ लिटरपेक्षा लहान भांडं, एक किलोपेक्षा कमी दाबाचं भांडं किंवा १०० अंशांच्या खाली पाणी तापवणारं भांडं बॉयलरच्या व्याख्येतच बसत नाही. कागदावर आपला बंब आंघोळीचं पाणी तापवतो, म्हणून तो सुटला. तो १०० च्या खाली राहील याची खात्री कुणी दिली, हे विचारणारं कुणी नाही.

आपला जुना तांब्याचा बंब आठवा. वरून गार पाणी ओतायचं, तेवढं गरम बाहेर पडायचं. तोंड उघडं. कितीही जाळ केला तरी पाणी उकळून वाफ वर जाणार, दाब धरायला जागाच नाही. आजी-पणजीनं चुलीवरचं जळण कधी मोजून घातलं नाही, तरी बंब फुटला असं ऐकायला मिळत नाही, त्याचं कारण हे उघडं तोंड आहे.

तोच बंब चहूबाजूंनी बंद करून लाईनला जोडला की गोष्ट बदलते. गिझरचा थर्मोस्टॅट पाणी तापलं की करंट तोडतो. लाकडाच्या जाळाला बटण नसतं. नळ सगळे बंद, पोरं कामावर गेलेली, आणि खाली निखारे तसेच. पाणी फुगतं, मग उकळतं. एक लिटर पाण्याची वाफ १,६०० लिटरपेक्षा जास्त जागा मागते. ती जागा मिळाली नाही तर बंब स्वतः जागा करतो. पंप लावून पाणी फिरवलं असेल तर लाईट जायचीच खोटी, पंप बंद आणि जाळ चालू.

सोलरच्या टाकीला वर हवेचा उभा पाईप असतो, तोच खरा राखणदार. पण गार पाण्याची टाकी त्या पाईपच्या तोंडापेक्षा उंच असली किंवा पाणी थेट प्रेशर पंपावर असलं की त्यातून पाणी सांडत राहतं. मग प्लंबर काय करतो? टोपी घालतो. एका गावात मी ही टोपी डोळ्यानं पाहिली. मालकाला विचारलं तर म्हणाले, "वर्ष झालं की ओ, काय हुतंय?" वर लाईन सीपीव्हीसीची. तो पाईप ९३ अंशांपर्यंत चालतो, उकळतं पाणी त्याच्या पलीकडचं.

ब्रिटनमध्ये खोलीतली लाकडाची शेगडी घर गरम करणाऱ्या पाण्याच्या लाईनला जोडायची पद्धत आहे. तिथं पंप बंद पडला तरी उष्णता निघून जावी म्हणून एक रेडिएटर बिनव्हॉल्व्हचा ठेवतात, पाणी त्यात आपोआप चढतं. वाफेचा पाईप उघडा ठेवतात. थंडीत पाईप गोठून वाट बंद झाली आणि शेगडीमागचा बॉयलर फुटला, असंही तिथं घडलंय. आपल्याकडं बर्फ नाही, पण टोपी आहे.

कुणाचा बंब काढून टाका असं मी म्हणत नाही. भाड्याच्या खोल्यांना नाहरकत देताना ग्रामपंचायतीनं दोन गोष्टी बघाव्यात: हवेचा पाईप उघडा आहे का, आणि त्यावर कुठं व्हॉल्व्ह बसवलाय का. त्याला इंजिनिअर लागत नाही, शिडी लागते. बाष्पके संचालनालयानं मराठीत एक पानाचं पत्रक काढलं तरी वेल्डर आणि प्लंबर दोघांच्या हातात काहीतरी येईल. आणि हो, ज्या कंपन्यांची पोरं या खोल्यांत राहतात त्यांचे सेफ्टी ऑफिसर एका रविवारी गावात यायला हरकत नसावी. गेटच्या आत हेल्मेट नसलं तर दंड करता ना?

घरमालकांनी तोपर्यंत एवढं करावं. टोपी असेल तर काढा. पाणी सांडत असेल तर पाईप गार टाकीच्या वर न्या, पाण्याला सरळ प्रेशर पंप जोडू नका. बंब सोलरच्या टाकीच्या खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे गरम पाणी पंपाशिवाय वर चढेल. बंबाजवळचा पाईप लोखंडाचा किंवा तांब्याचा ठेवा. टाकीत पाणी नसताना जाळ करू नका.

तुमच्या गावात अशी जोडणी असेल तर त्या वरच्या पाईपचा फोटो मला पाठवा. मालकाचं नाव नको, फक्त टोपी आहे की नाही एवढं दिसू दे. सगळे फोटो गोळा करून ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायतीला देतो.